गेटचा पाढा

ज्यांचं नाव मी सगळ्यांच्या आधी घ्यायला हवं ते मुरुगन अण्णा. त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नाही. गाव सेलमच्या बाजूचं एक खेडं, एवढंच ते सांगत. आमच्या गावात ते उणेपुरे एकोणीस दिवस राहिले. पुढं मला चांगले प्राध्यापक भेटले, दूध संघातल्या नोकरीत वरिष्ठांनी सांभाळून घेतलं, आणि त्या सगळ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर होण्याची माझी वाट ज्या ठिकाणी बंद पडली होती, तिथून मला बाहेर काढलं ते बोअर पाडणाऱ्या गाडीवरच्या या ड्रिलरनं. त्यांनी मला शिकवायचं म्हणून काहीच शिकवलं नाही. तरीही माझे इंग्रजीचे गुरू कोण असं कुणी विचारलं, तर मी त्यांचंच नाव सांगतो, आणि ऐकणाऱ्याला मग सगळी हकीकत सांगावी लागते.

आमचं गाव भूम तालुक्यातलं, माळावरचं. घर बौद्धवाड्याच्या टोकाला, दोन खणांचं, पुढं कुडाची पडवी. त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. आई आणि आबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सकाळी माळावरून हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा. शेदोनशे माणसं एका वेळी दगड फोडत, पण ठोके कधी एकत्र पडत नसत, त्यामुळं लांबून ऐकलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आवाज थांबला की कान बधिर झाल्यासारखे व्हायचे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. आई कढत पाणी घालून मळायची, तरी थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या, आणि गार झाली की ती चामड्यासारखी व्हायची. बरोबर वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, नाहीतर नुसतं तिखट-मीठ. कामावर सुकडी, म्हणजे गोड पौष्टिक पीठ, वाटत. आई आपल्या वाटणीची पदराला बांधून आणायची आणि "मला गोड पचत न्हाय" म्हणून माझ्यापुढं सोडायची. आईला गोड पचत होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी, माझ्या लग्नात कळलं.

मी मार्चच्या मॅट्रिकला बसलो होतो आणि एका इंग्रजीत नापास झालो होतो. बाकी सगळे विषय निघाले, गणितात तर शाळेत दुसरा आलो. इंग्रजीत एकोणतीस. माझे मामा धाराशिवला कोर्टात शिपाई होते. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद, पण आमच्या तोंडी धाराशिवच. मामांचा निरोप होता की पोरगं ऑक्टोबरला सुटलं तर वसतिगृहात जागा बघतो, जूनला कॉलेजात नाव घालू. ऑक्टोबरचा फॉर्म भरला त्या संध्याकाळी आबा पडवीत हातोड्याचा दांडा ठोकून बसवत होते.

"आनखी एकडाव बस," ते मान वर न करता म्हणाले. "सुटलास तर धाराशिव. न्हाय सुटलास तर ह्यो हातोडा. मधलं काय न्हाय."

"हातोडा मीबी धरते की," आई चुलीपासून म्हणाली. "त्याचं भ्या कशाला दावता त्याला?"

"भ्या न्हाय दावत. सांगून ठिवतो."

आबांचं चूक नव्हतं. वाड्यातली माझ्याबरोबरची दोन पोरं नापास झाल्यावर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फॉर्म भरत राहिली होती, आणि धड शिकलेलीही नव्हती, धड कामालाही लागली नव्हती. मला तसं व्हायचं नव्हतं. मला सुटायचंच होतं. पण कसं, ते कळत नव्हतं.

कारण अभ्यासात मी कुचराई केली नव्हती. आमचे देशमाने सर मन लावून शिकवत. पेपरात पोरं मोठ्या शब्दांना अडत नाहीत, एका चिमुकल्या शब्दाला अडतात, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण होतं. तो शब्द म्हणजे गेट. आमच्या गावातल्या पोरांना गेट म्हणजे तहसील कचेरीचं लोखंडी दार माहीत. सरांनी सांगितलं, हा गेट निराळा, आणि शब्दकोशातून त्याचे सव्वीस अर्थ उतरवून फळ्यावर लिहिले. मग आमच्याकडे पाठांतराची जी एकच रीत, ती सुरू झाली. पाढ्याची. गेट म्हणजे मिळणे, गेट म्हणजे आणणे, गेट म्हणजे होणे, गेट म्हणजे पोहोचणे, गेट म्हणजे समजणे, असं आम्ही शाळेपुढच्या कट्ट्यावर झुलत झुलत, श्वास न तोडता, सव्वीसपर्यंत म्हणत असू. आबांनाही ती चाल पाठ झाली होती. दगडावर ठोका घालताना ते बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "गेट म्हंजी मिळणे," आणि शेजारचा कुणी तरी पुढचा ठोका घालत विचारी, "काय मिळणे, आबा?"

मार्चच्या पेपरात एक उतारा होता आणि त्यात हा शब्द पाच ठिकाणी आला होता. पहिल्या ठिकाणी आला तसा मी मनात पाढा धरला. पाढा मधूनच सुरू करता येत नाही, हे ज्यांनी पाढे पाठ केलेत त्यांना सांगायला नको. बारा साते किती, हे सांगायला बारा एकेपासून यावं लागतं. मी मिळणेपासून निघालो, एकेक अर्थ त्या वाक्याला लावून बघत गेलो. दोन-तीन अर्थ बरे बसले, त्यात कुठला खरा हे ठरेना. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या गेटपाशी घंटा झाली आणि निबंध राहून गेला. मी हे सरांना सांगितलं नाही. त्यांनी एवढ्या कष्टानं तो पाढा लिहून दिला होता.

भाद्रपदाच्या सुरुवातीला कुठल्याशा मिशनच्या संस्थेची बोअरची गाडी गावात आली. पुढं यंत्राची गाडी, मागं कॉम्प्रेसर. मराठी येणारे साहेब जागा दाखवून त्याच दिवशी जीपनं पुढच्या गावाला गेले. मागं राहिले मुरुगन अण्णा आणि त्यांचे दोन हेल्पर. हेल्परना तमिळखेरीज काही येत नव्हतं. अण्णांना तमिळ यायची आणि इंग्रजी. ते यंत्र परदेशातून आलं तेव्हा बरोबर आलेल्या गोऱ्या इंजिनियरच्या हाताखाली त्यांनी चार वर्षं काढली होती. गावात इंग्रजी कुणाला येतं, याचा शोध सुरू झाला आणि सरपंच तात्या आमच्या पडवीपुढं येऊन उभे राहिले.

"उत्तम, तू मॅट्रिक न्हवं?"

"नापास हाय, तात्या."

"इंग्रजी हुती का न्हाय तुला?"

"त्याच्यातच नापास हाय."

"मग हुती की. चल."

जागा शाळेमागची, गाव आणि बौद्धवाडा यांच्या मधल्या पडीक तुकड्यात. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना कडेला उभं राहावं लागे. कुणी पोहरा ओतला तर घागर भरायची. आता त्या विहिरीतच काही उरलं नव्हतं. त्यामुळं यंत्राभोवती दोन्हीकडच्या बायका जमल्या होत्या, एकमेकींपासून चार हात अंतर ठेवून. मी रुबाबात पुढं गेलो. अण्णा काळेसावळे, ठेंगणे, दंडाला तेलाचे डाग. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गेट ऑफ!"

मी जागच्या जागी पाढा धरला. मिळणे, आणणे, होणे. "गेट ऑफ, गेट ऑफ," अण्णा म्हणत होते आणि मी सातव्या अर्थापाशी होतो. शेवटी त्यांनी मला दोन्ही बखोट्यांना धरून उचललं आणि हातभर बाजूला ठेवलं. मी हवेच्या जाड नळीवर उभा होतो.

"बया, इंग्रजी शिकलेलं उचलून ठिवावं लागतंय व्हय," आमच्या शेजारच्या सखूबाई म्हणाल्या. दोन्हीकडच्या बायका एकदम हसल्या. त्या माळावर त्या वर्षी एकत्र हसलेलं मी तेव्हाच ऐकलं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो नसतो. पण आई सकाळी कामावर निघताना म्हणाली, "त्यो मानूस इतक्या लांबनं आलाय, त्याला इथं कुनाची बोली कळत न्हाय. तू तर आपल्याच गावात हाईस. तुला कसली लाज?" मग गेलो.

असल्या कामाला खरं तर तीन-चार दिवस पुरतात. पण पहिला बोअर कोरडा गेला, दुसरा सुरू केला आणि कॉम्प्रेसरचा एक भाग तुटला. तो पुण्याहून येईपर्यंत अण्णा गावात अडकून पडले. हे माझं नशीब. हल्ली भूमला मुलाच्या घरी असताना रस्त्यानं बोअरच्या मोठमोठ्या गाड्या जातात. एका रात्रीत सहाशे-सातशे फूट जातात म्हणे आणि सकाळी निघूनही जातात. तेव्हा अशी गाडी आली असती तर मी हातोडाच धरला असता.

अण्णांची एक रीत होती. दर पाच फुटाला भोकातून उडणाऱ्या भुकटीची एक मूठ ते फावड्यावर झेलत आणि पत्र्याच्या लांब पट्टीवर तिचा छोटा ढीग करून ठेवत. पहिला ढीग, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. वरची पांढुरकी, मग पिवळसर मुरूम, मग काळी, मग करडी, मग एका ठिकाणी विटेच्या भुग्यासारखी तांबडी. कोरड्या गेलेल्या बोअरची पट्टी त्यांनी टाकून दिली नव्हती. नव्या पट्टीशेजारी ठेवली होती, आणि ते उकिडवे बसून कधी इकडं, कधी तिकडं बघत. मी रात्रभर जुळवून ठेवलेलं वाक्य म्हणालो, "व्हॉट इज द नेम ऑफ धिस स्टोन?"

"नेम आय डोंट नो," अण्णा म्हणाले.

मला नवल वाटलं. इतकी वर्षं दगड फोडणाऱ्याला दगडाचं नाव माहीत नाही. त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी तांबड्या ढिगातली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि काय आहे म्हणून खुणेनं विचारलं. मी म्हणालो, माती. त्यांनी मान हलवली. मग माझं बोट धरून आधी तिच्या वरच्या काळ्या ढिगावर नेलं, मग तांबड्यावर, मग खालच्या करड्यावर. "ओन्ली धिस, नथिंग. बिफोर सी. आफ्टर सी. देन यू गेट." नुसती चिमूट हातात घेऊन काही कळत नाही. ती कुठून वर आली, तिच्या आधी काय आलं, नंतर काय येतंय, ते पाहिलं की कळतं. त्यांनी 'देन यू गेट' म्हटलं तेव्हा मी पाढा धरला नाही. मला नुसतं कळलं. आपल्याला कळलं, हे मात्र घरी जाताना वाटेत ध्यानात आलं, आणि मी चालता चालता थांबलो.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वहीची कोरी पानं शिवून घेऊन गेलो. अण्णांच्या तोंडून गेट आला की ते पूर्ण वाक्य लिहायचं, आणि समोर अर्थ लिहायचा नाही; त्या वेळी काय चाललं होतं ते लिहायचं. 'गेट द स्पॅनर. पाना गाडीत, अण्णांचा हात पुढं.' 'इट इज गेटिंग हॉट. कॉम्प्रेसरवर पंजा टेकवून.' 'गेट अप. हेल्पर टायरला टेकून झोपलेला.' 'डिड यू गेट मी? माझ्या तोंडाकडं बघून.' 'आय गॉट टू डॉटर्स. दोन बोटं दाखवून, हसून.' आठ दिवसांत चौदा पानं भरली. पट्टीवरचे ढीग असावेत तशी वाक्यं एकाखाली एक.

आई अण्णांसाठी भाकरी पाठवायची. भाताचा माणूस, पण तांदूळ मिळत नव्हता, म्हणून ते ती मिलोची भाकरी पाण्यात भिजवून खात. एकदा दुपारी आई स्वतःच आली. "कशी लागती इचार त्यांना," ती म्हणाली. मी विचारण्याआधीच अण्णा माझ्याकडं वळले. "उत्तम, व्हॉट इज धिस लागला? ऑल डे लागला, लागला." बायका येऊन विचारतात, पाणी लागलं का. हेल्परच्या पायाला दगड लागला तरी लागला. पोरं म्हणतात, तहान लागली. काल एक म्हातारा म्हणाला, त्याची लेक नोकरीला लागली. आणि आता भाकरी लागते. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि विचारलं, यातला खरा अर्थ कुठला.

मी आईच्या बोलीचा पंडित. बसलो सांगायला. लागणे म्हणजे टच. मग म्हटलं, नाही, फील. मग बिगिन. मग टेस्ट. पाचव्याला अडलो. आयुष्यभर मी तो शब्द बोलत आलो होतो आणि एकदाही चुकलो नव्हतो, पण अण्णांना सांगता येईना.

"काय इचारतोय त्यो?" सखूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"अरं, आपल्याला कुनी शिकिवलं का? त्याला म्हनावं ऱ्हा आनखी आठ दिस. आपुआप कळंल."

मी अण्णांना म्हणालो, "डोंट आस्क मीनिंग. सी व्हेन वी से." अण्णा पोट धरून हसले. त्यांचंच त्यांना मी सांगितलं होतं. दोन दिवसांनी डिझेलचा डबा उपडा करून दाखवत ते तात्यांना म्हणाले, "डिझेल लागल." हा अर्थ त्यांना कुणीही सांगितला नव्हता. तात्या म्हणाले, "हे ब्येनं आता मराठीत मागायला लागलं," आणि माणूस भूमला धाडला.

यंत्र बंद होतं त्या दिवसांतलीच गोष्ट. वाक्यं बरोबर उतरवलीत का बघा, म्हणून मी अण्णांच्या हातात वही दिली. त्यांनी हात पुसून ती घेतली, पानं उलटली, "व्हेरी नीट" म्हणाले आणि परत दिली. "यू रीड. आय हिअर." मी म्हटलं, तुम्हीच वाचा. अण्णा कॉम्प्रेसरकडं बघत म्हणाले, "ओन्ली टॉक आय नो, उत्तम. रीडिंग नो." तमिळमध्ये सही यायची, बस. मला छापलेली इंग्रजी वाचता येत होती आणि बोललेली कळत नव्हती. त्यांना बोललेली सगळी यायची आणि छापलेलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तेव्हापासून रोज दुपारी गाडीच्या सावलीत मी चौदाच्या चौदा पानं मोठ्यानं वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. शब्द दुरुस्त करत नसत. म्हणत, हे असं नव्हतं, त्या दिवशी पाईप घसरत होता, मी ओरडलो होतो, तसं म्हण. त्यांना पटेपर्यंत मी तसं म्हणायचो. मग वही वाचून झाली तेव्हा मी पाठ्यपुस्तक आणलं. त्यातले धडे त्यांनी आवडीनं ऐकले. एका धड्यातल्या राजाला त्यांनी तमिळमध्ये शिव्याही दिल्या.

भाग आला, बसला, यंत्र सुरू झालं. सोळाव्या दिवशी भुकटी उडायची थांबली, ओलसर गोळे पडू लागले, मग गढूळ पाण्याची पिचकारी आणि मग फवारा. अण्णा यंत्रावरूनच, कुणाकडं न बघता म्हणाले, "लागला." बायकांनी आधी हात भिजवले आणि मग तोंडं. कोण कुठल्या बाजूची, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. ते फार दिवस टिकलं नाही, पण त्या दिवशी तरी नाही पाहिलं.

हातपंप बसवून गाडी निघायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं. एक हेल्पर तापानं घरी गेला होता. अण्णांना हाताखाली माणूस हवा होता. परीक्षेला पाच आठवडे उरले होते, आणि जसजशी ती जवळ येत होती तसतसा मला तो पाढाच ऐकू येत होता. पुन्हा नापास झालो तर आबांचा हातोडा होताच. त्यापेक्षा हे यंत्र काय वाईट? मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "मधलं काय न्हाय म्हनलो हुतो. पर ह्ये मधलंबी न्हाय. तुझं तू बघ."

मी अण्णांना म्हणालो, मला बरोबर न्या.

"नो."

"व्हाय?"

"यू गेट द एक्झाम."

"आय विल नॉट गेट."

"देन अगेन." ते पाईप मोजून गाडीवर चढवत होते. "धिस जॉब, नो-रीडिंग मॅन जॉब. यू रीड."

मला ते लागलं. एकोणीस दिवस मी त्यांची जीभ झालो होतो, आणि त्यांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "यू आर अफ्रेड. यू थिंक आय विल गेट युवर प्लेस." तुम्ही भ्यालात, मी तुमची जागा घेईन म्हणून.

अण्णांनी हातातला पाईप खाली ठेवला. मला वाटलं मारतात. ते माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "गुड. वन मिस्टेक ऑल्सो नो." आणि पुन्हा पाईप उचलला. मी तोंड फिरवून घरी आलो. न जुळवता, न थांबता बोललेलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य ते. मी ते ज्याच्याकडून शिकलो त्यालाच दुखवायला वापरलं. आज सत्तरी ओलांडली तरी ते आठवलं की मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी पडवीतून उठलो नाही. आई चार भाकरी बांधून घेऊन गेली.

पण त्या सकाळपासून मी जो बसलो तो उठलो नाही. पाढ्याचा कागद मी पेटीच्या तळाला घातला. पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचायचं, ऐकायला कुणी आहे असं समजून. वाक्य अडलं तर आधीचं आणि नंतरचं पुन्हा वाचायचं. कान दुखेपर्यंत वाचायचं. परीक्षेचं केंद्र भूमला. पहिल्या एसटीनं गेलो. उताऱ्यात एक पोस्टमन होता, तो पुरात अडकतो. चार ठिकाणी तो शब्द आला. कुठं गॉट, कुठं गेटिंग. मी कुठंही थांबलो नाही. पोस्टमन नावेत चढला, भिजला, पलीकडं पोहोचला, आणि त्याचं म्हणणं तिथल्या माणसांना कळलं. घंटा व्हायच्या आत निबंध संपवून मी दोनदा वाचला.

निकाल शाळेत लागला. सत्तेचाळीस. देशमाने सरांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाढा उपयोगी पडला बघ." मी हो म्हणालो. आबांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि कामावर जाऊन सगळ्यांना सांगितला. आई मात्र म्हणाली, "त्या अण्णाला कळीवलंस का?"

तुटलेला भाग घेऊन आलेल्या साहेबांच्या जीपच्या दारावर संस्थेचा पत्ता रंगवलेला होता, तो मी वहीत उतरवून ठेवला होता. त्या पत्त्यावर मी माझं पहिलं इंग्रजी पत्र लिहिलं. एकेक वाक्य आधी मोठ्यानं म्हणायचो आणि कानाला बरं वाटलं तरच लिहायचो, कारण ते वाचलं जाणार नव्हतं, ऐकलं जाणार होतं. ते पोहोचलं की नाही, मला कधीच कळलं नाही. कच्चा खर्डा त्या वहीत अजून आहे. त्याचं मराठी खाली देतो. मुळातल्या चुका मराठीत दिसत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

'प्रिय मुरुगन अण्णा,

मी उत्तम. शाळेमागच्या बोअरवरचा. मी पास झालो. शंभरपैकी सत्तेचाळीस. जूनमध्ये मी कॉलेजला जाणार आहे.

तुमचा पंप चालू आहे. पाणी थोडं खारट आहे, पण थांबलेलं नाही. माझी आई तुम्हाला नमस्कार सांगते. तुम्ही तिची भाकरी पूर्ण खायचात, हे ती अजून सगळ्यांना सांगते. तुमच्या दोन्ही मुली बऱ्या असतील. त्यांना शाळेत घाला. त्या वाचायला शिकल्या की माझी पत्रं तुम्हाला घरातच ऐकता येतील.

तुम्ही मला बरोबर नेलं नाही, तेव्हा मी तुम्हाला वाईट बोललो. तुम्ही भ्यालात असं म्हणालो. भ्यालो होतो मी. परीक्षेला भ्यालो होतो, म्हणून तुमच्या गाडीवर चढायला बघत होतो. तुम्ही निघालात तेव्हा मी घरात होतो आणि गाडीचा आवाज ऐकत होतो. मी यायला हवं होतं. मला माफ करा.

माझ्या पेपरात तुमचा शब्द चार वेळा आला. चारही वेळा मला तुमचा आवाज आला.

तुमचा,
उत्तम

हे पत्र जे कुणी वाचून दाखवत असतील त्यांना विनंती. कृपया हळू वाचा. यंत्र चालू असेल तर ते बंद होईपर्यंत थांबा, आणि मग पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचा.'